वाढते वय आणि रक्तवाहिन्यांचे काठिण्य

“वय अधिक शंभर, इतका रक्तदाब असावयाचाच,” असे म्हणून साठी-सत्तरीच्या वडीलधाऱ्यांची तक्रार पुष्कळ घरांत अद्यापही बाजूस सारली जाते. हा आडाखा एके काळी वैद्यकातही रूढ होता. तो का टाकून द्यावा लागला, हे समजण्यासाठी महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, रचना पाहावयास हवी.

हृदय रक्त सलग नव्हे, तर ठोक्याठोक्याने पुढे ढकलते. तरुणपणी महारोहिणीची भित्ती लवचिक असते. ठोका पडताच ती फुगते, थोडे रक्त सामावून घेते आणि दोन ठोक्यांमधील विश्रांतीत ते पुढे सोडते. हे ताणणे व आखडणे दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालते. वर्षानुवर्षांच्या या श्रमाने भित्तीतील इलॅस्टिनचे तंतू तुटतात, त्यांची जागा ताठ कोलॅजेन घेते व कॅल्शियमही साचते. उन्हात पडून राहिलेली रबरी नळी ताठरते, तशीच ही अवस्था. चरबीचे थर साचून वाहिनी अरुंद होणे हे निराळे दुखणे होय. मात्र दोन्ही पुष्कळदा एकत्र नांदतात.

ताठर वाहिनी धक्का झेलू शकत नाही. परिणामी वरचा दाब चढत जातो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरू लागतो. १७०/७५ असा आकडा पाहून “खालचा तर ठीक आहे” असे समाधान मानणे धोक्याचे आहे. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके असेच रुग्ण होते : वय साठ व त्यापुढे, वरचा दाब १६० किंवा अधिक, खालचा ९० हून कमी. त्या ४,७३६ व्यक्तींपैकी ज्यांना औषध दिले गेले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. ऐंशी वर्षांपुढील रुग्णांनाही उपचारांचा लाभ होतो, हे २००८ साली दिसून आले.

वाढीव दाबाविरुद्ध काम करताना हृदयाचा डावा कप्पा जाड होतो व सावकाश सैल पडतो. कमाल ठोक्यांची गतीही घटते. ढोबळ मानाने विशीत मिनिटाला २००, तर सत्तरीत १५०. तेव्हा चढावर थोडा दम लागणे स्वाभाविक आहे. परंतु पायांवर सूज येणे, रात्री उशाशी टेकून बसावे लागणे, याला वय म्हणता येणार नाही.

आरोग्य शिबिरात रांगेतून आलेल्या वृद्धाचा दाब तत्काळ मोजण्याची घाई होते. पाच मिनिटे स्वस्थ बसवून मोजावा. नंतर उभे करून पुन्हा मोजावा. दाब सावरणारी यंत्रणाही वयाबरोबर मंदावते. उभे राहताच वरचा दाब २० किंवा अधिक उतरत असेल, तर घेरी येऊन पडण्याचा संभव असतो. औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी ही नोंद डॉक्टरांच्या नजरेस आणावी.