सुटल्यावर जायचं कुठं?

अहिल्यानगर जिल्ह्यात तुरुंगातून सुटलेल्या बायकांसोबत काम करताना जे उमजत गेलं, ते लिहिते आहे.

१. राहण्याची सोय सुटकेआधी लावायची. जामिनाचे कागद पुरे होईतो बऱ्याचदा संध्याकाळ होते. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा. अकोले तालुक्यातल्या बाईचं गाव नगरहून शंभर किलोमीटरच्या पुढं, आणि हातात ना पैसे, ना फोन. म्हणून आत भेटायला गेल्यावरच विचारावं, "ताई, कुणाकडं जाणार?" "नवऱ्याकडं" म्हणाली, तर तो तुरुंगात भेटायला कधी आला होता हेही विचारावं. पाथर्डी-जामखेडकडची असेल तर महिना बघावा. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, घराला कुलूप असतं.

२. गुन्हा विचारू नये. सांगायचा तेव्हा ती सांगते.

३. नियम पाठ असावेत. तुरुंगातून सुटलेल्या निराधार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख २०१५ च्या स्वाधार गृह योजनेत होता. २०२२ मध्ये ती योजना 'मिशन शक्ती'तल्या शक्ती सदनात मिसळली. "जेलची बाई नको" असं निवाऱ्यात कुणी म्हटलं, तर विनवण्या न करता हे दाखवावं.

४. जामीन झाला तरी खटला चालूच असतो. तारीख चुकली की वॉरंट निघतं. त्यामुळं कोर्टात वेळेवर पोहोचता येईल अशीच जागा बघावी आणि पत्ता बदलला की वकिलाला लगेच कळवावा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

५. सगळ्यात अवघड मुलांचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. पुढं ते आजीकडं, मावशीकडं, नाहीतर बालगृहात. आई सुटते तेव्हा ते तिच्याकडं परक्यासारखं बघतं. बालगृहातलं मूल परत मागायला बाल कल्याण समितीपुढं उभं राहावं लागतं. तिथं पहिला प्रश्न येतो, "ठेवणार कुठं?" निवाऱ्याचा पत्ता द्यावा, तर मोठ्या मुलाला तिथं आईजवळ राहता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की थोड्या दिवसांच्या निवाऱ्यानंतर संस्थेनं डिपॉझिट भरून तिला भाड्याची एक खोली घेऊन द्यावी. खोलीला आतून कडी असावी, चूल तिची असावी. आज काय शिजवायचं हे कितीतरी दिवसांनी तिनं स्वतः ठरवलेलं असतं, आणि मूलही तिथंच तिच्याजवळ सरकतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

६. फासेपारधी बाईसाठी नोंदवही नीट ठेवावी. तिच्या जमातीवरचा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण आसपास चोरी झाली की संशय आजही आधी तिच्यावर जातो. निवाऱ्यातली तिची ये-जा रोज वेळेसकट लिहिलेली असली, खाली तिची सही किंवा अंगठा असला, तर चौकशीला आलेल्या पोलिसापुढं ठेवायला तिच्याकडं काहीतरी असतं.