जुन्या पान्यावरचा आकडा

प्रश्न : अलोरे येथे भंगारात मिळालेल्या जड पान्यावर ‘१/२ डब्ल्यू’ अशी खूण आहे, पण त्याचे तोंड अर्ध्या इंचापेक्षा बरेच मोठे भरते. हा पाना कशाचा?

उत्तर : हा व्हिटवर्थ मापाचा पाना आहे. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांची प्रमाण मापे मांडली. त्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, तोंडाची रुंदी नव्हे. अर्धा इंची बोल्टचा षटकोनी माथा ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर रुंद असतो. त्याच तोंडावर कधी ‘९/१६ बीएस’ अशी जोडखूणही आढळते. ‘एएफ’ असेल तर मात्र आकडा थेट तोंडाची रुंदी दाखवतो.

अलोरे परिसरातल्या कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्यामुळे या परिसरात इंची हत्यारे सापडणे स्वाभाविक आहे. तरीही प्रकल्पाचा ठसा नसेल तर पाना तिथलाच असे म्हणू नये.

गंज काढायला रॉकेलमध्ये भिजवून पितळी तारेचा ब्रश फिरवावा. ग्राइंडर अजिबात लावू नये. खुणा गेल्या की ओळखच पुसली जाते. नंतर तोंड व्हर्नियरने मोजावे. २४ मिलिमीटरचा माथा या पान्यात शिरत नाही. २२ चा सैल बसून त्याचे कोपरे झिजतात.