जुना संगणक : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

स्मरणिकेसाठी व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेला मनुष्य. संगणकशास्त्र मला येत नाही. परंतु पेढीवरील संगणकाबाबत मला दोनदा निर्णय घ्यावा लागला आणि एकदा तो वेळेवर न घेतल्याची किंमतही मोजावी लागली. तो अनुभव येथे मांडीत आहे.

बेळगावच्या पेठेतील आमच्या पेढीवर २०१४ साली संगणक आला. आठ-नऊ वर्षांनी तो इतका मंदावला की सकाळी बटण दाबून दिवाबत्ती उरकली तरी पडदा तयार होत नसे. चिरंजीव म्हणू लागले, "नवा घेऊ." मी म्हणे, "चालतो आहे तोवर चालू द्या." वस्तुतः आम्ही दोघेही रोग न पाहताच औषधाचा वाद घालीत होतो.

प्रथम रोग ओळखावा

बारदान फाटले तर आपण काय करतो? तोंड उसवले असेल आणि वीण शाबूत असेल तर सुतळीने शिवतो. वीणच कुजली असेल तर ठिगळ टिकत नाही. संगणकाचेही तसेच आहे. त्याचे मुख्य भाग पाच : गणना करणारा प्रोसेसर, चालू काम हाताशी ठेवणारी रॅम, कायमचा साठा ठेवणारी डिस्क, वीज पुरविणारा संच आणि या सर्वांना जोडणारा मदरबोर्ड. यांपैकी डिस्क व रॅम सहज बदलता येतात. मदरबोर्ड व प्रोसेसर ही मात्र संगणकाची वीण होय.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता कोणत्या भागावर किती भार आहे, हे शेकड्यात दिसते. नेहमीचे काम चालू असता डिस्क सतत शंभरावर असेल तर अडचण बहुधा डिस्कची. रॅम काठोकाठ भरलेली असेल तर ती वाढवावी. प्रोसेसरच दमत असेल तर खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

दोन किरकोळ गोष्टी आधी पाहाव्यात. आपल्या धंद्यात कोंडा व धुरळा अपरिहार्य आहे. तो पंख्यात बसला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःची गती आपोआप कमी करतो. वर्षातून दोनदा, विजेचा प्लग काढून, मऊ ब्रशाने धूळ झाडावी. दुसरे असे की, संगणक रोज चुकीची तारीख दाखवू लागला तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. सेल थोड्या पैशांत मिळतो, पण तारीख चुकली की बिलांवरील तारखा बिघडतात आणि बँकेची संकेतस्थळेही उघडत नाहीत.

आमची चूक

वादात सहा महिने गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, एके सकाळी डिस्कमधून टकटक आवाज आला आणि ती कायमची बंद पडली. हिशेबाची दुसरी प्रत आम्ही ठेवीत होतो. परंतु ती त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात! घर जळाले तेव्हा तिजोरीची दुसरी किल्ली त्याच घरात होती, असा प्रकार. मार्चअखेरची प्रत करसल्लागारांकडे होती, म्हणून मागील वर्षे वाचली. पुढील साडेचार महिन्यांचे काय?

आमचे दिवाणजी वयाने सत्तरीचे. संगणक आल्यावरही ते रोज संध्याकाळी रोजमेळ हाताने लिहीत. "आता हे कशाला?" असे मी त्यांना अनेकदा हसून विचारले होते. त्याच वहीवरून त्यांनी आणि सूनबाईंनी एकोणीस रात्री बसून सर्व नोंदी पुन्हा चढविल्या. दिवाणजींनी मला एका शब्दानेही टोकले नाही. तेच अधिक लागले.

दुरुस्ती केव्हा योग्य

तपासणीत मदरबोर्ड व प्रोसेसर उत्तम निघाले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटास हजारो फेरे घेते आणि सुईला जागोजाग जाऊन माहिती शोधावी लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. म्हणून एसएसडी बसविली आणि रॅम ४ जीबीची ८ जीबी केली. मजुरीसह साडेचार हजारांच्या आत काम झाले आणि तोच संगणक मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला. नव्यास त्या वेळी अडतीस हजार लागले असते. दोन वर्षे त्याने निर्वेध सेवा दिली.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. रॅमचे प्रकार असतात. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. जुन्यासाठी घेतलेली रॅम बहुधा नव्यास चालत नाही. साधी सॅटा जोडणीची एसएसडी मात्र पुष्कळदा चालते. जो खर्च पुढे नेता येतो तो करताना कचरू नये.

बदलणे केव्हा योग्य

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा कंपनीने थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. येथे ठिगळाचा उपाय संपला. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटीची विवरणे भरली जातात, त्याच्या दाराची कडी सैल ठेवणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. या वेळी चिरंजीवांनी काही म्हणण्यापूर्वीच मी नवा घेण्यास सांगितले.

खरेदीचे बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. मात्र संगणकावरील १८ टक्के कर पूर्ण वजा मिळेल असे धान्यव्यापाऱ्याने गृहीत धरू नये. सुट्या धान्याची विक्री करमुक्त आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशव्यांवर ५ टक्के कर आहे. ज्याची विक्री दोन्ही प्रकारची, त्यास वजावट प्रमाणातच मिळते.

जुना यंत्र लगेच भंगारात देऊ नये. जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. आमचा जुना संगणक इंटरनेट तोडून गोदामात ठेवला आहे. मागील खाती पाहण्यास उपयोगी पडतो. पुढे देताना डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचे अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यावे.

तात्पर्य

निर्णयापूर्वी चार प्रश्न विचारावेत :

१. नेमका कोणता भाग बिघडला आहे?

२. वीण, म्हणजे मदरबोर्ड व प्रोसेसर, शाबूत आहे काय?

३. दुरुस्तीनंतर त्यावर सुरक्षित प्रणाली किमान दोन वर्षे चालेल काय?

४. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे काय?

पहिल्याचे उत्तर स्पष्ट आणि उरलेल्या तिहींस "होय" मिळाले तर दुरुस्त करावा. एरवी नवा घ्यावा. परंतु दोहोंपूर्वी आजच हिशेबाच्या दोन प्रती काढाव्यात, एक पेढीवर आणि एक घरी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तोललेले पोते.

आमच्या पेढीवर नवा संगणक आला त्या दिवशी दिवाणजींनी नवी रोजमेळ वहीही मागितली. मी ती स्वतः बाजारातून आणून दिली. अधिक लिहिणे नलगे.