घरांतील बोलकीं यंत्रें व सरकारची देखरेख



पनवेलच्या जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना दिंडीदरवाजाचा अडसर आठवत असेल. रात्रीं तो आडवा सरकविला कीं घर बंद झालें, असें समजावयाचें. आंत काय चाललें आहे हें बाहेरच्यास जाणावयाचें झाल्यास भिंतीस कान लावण्यावांचून त्यास दुसरा उपाय नसे. आज तोच पनवेलकर खांदा वसाहतींत किंवा कामोठ्यास सातव्या मजल्यावर राहतो, दरवाजास दोन दोन कुलपें लावतो. आणि तरी त्याच्या घरांतील कांहीं यंत्रें रात्रंदिवस बाहेरच्या जगाशीं बोलत असतात. दारावरील कॅमेरा, दिवाणखान्यांतील टी. व्ही., मनगटावरील घड्याळ, धाकट्या भावंडाचें बोलणारें खेळणें, हीं सर्व त्यांतलींच. जें यंत्र इंटरनेटशीं जोडलेलें असून आपण होऊन माहिती गोळा करतें व ती दुसरीकडे धाडतें, तें 'स्मार्ट' यंत्र, एवढी व्याख्या आपल्या कामापुरती पुरे.

अशा यंत्राची राहणी कशी असते तें पाहूं. दारावरील कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र आपल्या मोबाईलवर दिसतें, म्हणून तें घरांतल्या घरांतच फिरतें असा पुष्कळांचा समज असतो. बहुतेक वेळां तें प्रथम कारखानदाराच्या संगणकांत जातें, तो संगणक कदाचित् परदेशांतही असतो, आणि तेथून परत येऊन आपणांस दिसतें. म्हणजे आपल्या दाराची एक किल्ली आपल्याजवळ व दुसरी त्या कारखानदाराजवळ. तिसरी कोणाजवळ असेल, हा खरा प्रश्न आहे.

या तिसऱ्या किल्लीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या इमारतींत दोन वर्षांपूर्वीं कॅमेरे बसविले. बसविणाऱ्या तरुणास मीं विचारलें, "परवलीचा शब्द काय ठेवला?" तो हंसून म्हणाला, "सर, कंपनीचा असतो तोच राहूं द्या. कोणी विसरत नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. तो शब्द कोणी विसरत नाहीं, कारण तो छापील पुस्तिकेंत असतो, आणि तीच पुस्तिका हजारों घरीं गेलेली असते. चोरानेंही ती वाचलेली असते.

हें भय काल्पनिक नव्हे. सन २०१६ मध्यें अमेरिकेंतील तीन तरुणांनीं 'मिराई' नांवाची एक आज्ञावली रचली. तिचें काम एवढेंच कीं, जगभरचे कॅमेरे व राऊटर यांचीं दारें ठोठावून पाहावयाचीं आणि कारखान्यांतून येणारे सुमारें ६० ठराविक शब्द एकामागून एक लावून पाहावयाचे. दार उघडलें कीं तें यंत्र ताब्यांत आलें. मालकास पत्ताही नाहीं. अशीं लक्षावधि यंत्रें मिळून एक सैन्यच तयार झालें. ता. २१ आक्टोबर २०१६ रोजीं 'डाइन' नांवाच्या कंपनीवर अशाच यंत्रांकडून मागण्यांचा इतका भडिमार झाला कीं, ट्विटरसारखीं मोठमोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. ज्या गृहस्थांचे कॅमेरे त्या सैन्यांत होते, ते त्या वेळीं कदाचित् स्वस्थ झोंपले असतील!

आपल्या शेजारचें उदाहरण याहून कठोर आहे. सन २०२५ च्या फेब्रुवारींत राजकोट येथील एका रुग्णालयांतील स्त्री-रुग्णांचीं चित्रें कॅमेऱ्यांतून चोरून बाहेर विकलीं जात असल्याचें उघडकीस आलें. आरोपींपैकीं कांहीं आपल्या महाराष्ट्रांतील, लातूर व सांगली येथील, निघाले. कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द कारखान्यांतून आलेला तोच राहिला होता, असें प्रसिद्ध झालें. रोगी माणूस वैद्यापुढें सर्व संकोच सोडून बसतो तो विश्वासानें. त्या विश्वासाचा घात एका न बदललेल्या शब्दानें व्हावा, ही गोष्ट मनास फार लागते.

आणि धोका घरांपुरताच नाहीं. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग आपण नेहमीं पाहतों. ता. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा संगणकाचा विषाणु युक्रेन देशांतील एका जमाखर्चाच्या आज्ञावलीच्या मार्गानें निघाला आणि त्याच दिवसांत मर्स्क या जहाज-कंपनीच्या जाळ्यांतून न्हावा-शेवा बंदरांतील तिच्या धक्क्यापर्यंत पोहोंचला. तेथील संगणक बंद पडले, कामें हातानें करावीं लागलीं, माल तुंबला. कीव्ह कोठें आणि न्हावा-शेवा कोठें! जोडलेल्या यंत्रांना अंतर म्हणून राहत नाहीं तें असें.

आतां सरकारचें काय कर्तव्य? वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, वस्तु माझी, घर माझें, तेथें सरकारचा संबंध काय? पण बाजारांतील तराजूवर सरकारी शिक्का असतोच ना? गिऱ्हाइकास वजनाचें पोट फोडून पाहतां येत नाहीं, म्हणून तो शिक्का. कॅमेऱ्याचें पोट तर तज्ज्ञासही सहज कळत नाहीं.

सन २०२१ मध्यें अकोल्याचे खासदार व त्या वेळचे केंद्रीय राज्यमंत्री संजय धोत्रे यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, सरकारी संस्थांतील सुमारें १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असून त्यांतील चित्रें परदेशीं जाण्याचा धोका आहे. त्यानंतर ता. ९ एप्रिल २०२४ च्या राजपत्रानें सी. सी. टी. व्ही. कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची परीक्षा आवश्यक केली, आणि ता. ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. यंत्राच्या पेटींत कोणास ढवळाढवळ करतां येऊं नये, त्याचें बोलणें गुप्तलिपींत व्हावें, अधिकार नसलेल्यास आंत शिरतां येऊं नये, अशा गोष्टी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासल्या जातात. नियम चांगला आहे. मात्र तो नव्यानें विकावयाच्या मालास आहे. जे कॅमेरे आधींच भिंतीवर टांगलेले आहेत, त्यांची परीक्षा कोणी घेत नाहीं.

इतर देशांनीं काय केलें? इंग्लंडांत ता. २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांस एकच किंवा सहज ओळखतां येणारा परवलीचा शब्द देऊन असें यंत्र विकणें बेकायदा ठरलें. जर्मनींत तर २०१७ च्या फेब्रुवारींत एका बाहुलीवरच बंदी आली! 'केला' नांवाची ती बाहुली मुलींशीं बोलत असे, प्रश्नांचीं उत्तरें देत असे. परंतु मुलीचें बोलणें ती बाहेर धाडत असे, आणि जवळपासच्या कोणाही परक्यास तिच्यांतून ऐकतां व बोलतां येई. खेळण्याच्या वेषांत लपलेलें हेरगिरीचें यंत्र, असें तेथील अधिकाऱ्यांनीं ठरविलें व पालकांस ती निकामी करावयास सांगितलें. मुलीनें बाहुलीच्या कानांत सांगितलेली गोष्ट आईसही ठाऊक नसते. ती परक्यास कळावी काय?

आपल्याकडे कायद्याचा पाया एका खटल्यानें घातला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर ता. २४ आगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती सुरक्षित ठेवण्यांत कसूर करणाऱ्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास आईबापांची संमति पाहिजे, आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास कांहीं अपवाद सोडून मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनें अमलांत येण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

येथें एक शंका मोकळेपणानें मांडली पाहिजे. जें सरकार कंपन्यांवर देखरेख करतें, त्याच्यावर देखरेख कोणाची? हा प्रश्न जुना आहे. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें सार्वजनिक संकटाच्या वेळीं तारा अडविण्याचा अधिकार सरकारास दिला, १८९८ च्या टपालाच्या कायद्यानें पत्रें अडविण्याचा. पुढें टेलिफोन चोरून ऐकण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं त्या अधिकारास नियमांचें कुंपण घातलें: हुकूम वरिष्ठ अधिकाऱ्याचाच पाहिजे, लेखी पाहिजे, आणि त्याची फेरतपासणी झाली पाहिजे. २०२३ च्या नव्या कायद्यांत केंद्र सरकार आपल्या कांहीं खात्यांस त्यांतून सूट देऊं शकतें, आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सभासदही तेंच नेमतें. टीकाकारांचा हा आक्षेप मला रास्त वाटतो. चोरास पकडण्यासाठीं पाळत लागते हें खरें. पण पाळतीची नोंद कोणी तरी तिसऱ्यानें पाहावयास नको काय?

वीजमीटरचेंच घ्या. महावितरणनें नवे मीटर बसविण्यास आरंभ केल्यावर आपल्या भागांत वाद झाला तो बहुतेक बिलाचा. पण असा मीटर विजेचा खर्च थोड्या थोड्या मिनिटांनीं टिपून ठेवतो. त्यावरून घरांतील माणसें केव्हां उठलीं, केव्हां बाहेर गेलीं, गणपतीस गांवीं गेलीं किंवा कसें, हें ताडतां येतें. हॉलंडांत २००९ सालीं याच कारणास्तव असे मीटर सक्तीचे करण्याचें विधेयक वरिष्ठ सभागृहानें अडविलें, व पुढें ग्राहकास नकार देण्याची मुभा ठेवून तें मंजूर झालें. ही टिपणें किती दिवस ठेवतां व कोणास दाखवितां, एवढें विचारण्याचा हक्क पनवेलच्या ग्राहकासही आहे. आमच्या इमारतीच्या सभेंत तो अद्याप कोणीं बजावला नाहीं.

कॅमेऱ्याचा शब्द मात्र आम्हीं बदलला. आठवी इयत्तेंतील एका मुलीनें पुस्तिका वाचून तो दहा मिनिटांत बदलून दिला, आणि नवा शब्द कागदावर लिहून चिटणिसांच्या कपाटांत ठेवण्यास सांगितलें. चिटणिसांनीं तो कागद कॅमेऱ्याच्या पेटीवरच चिकटविला होता, तो दुसऱ्या दिवशीं तिनेंच काढून आणला.