माध्यमिक शाळेत वैद्यकीय अभ्यासमंडळ

खेड्यातील विद्यार्थ्यास वैद्यकसेवा म्हणजे केवळ डॉक्टरकी एवढेच ठाऊक असते. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ या वाटा त्यास सहसा दिसत नाहीत. आणि अकरावीस जीवशास्त्र सुटले की डॉक्टरकीची वाटही दुर्घट होते. म्हणून विज्ञानशिक्षकांनी आठवी ते दहावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापावे. पंधरवड्यास एक बैठक पुरे.

पहिल्या बैठकीत मुलांनी परस्परांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. धावून आल्यावर पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत नोंदवावेत. दुसरीत १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ छोटे सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून जलसंजीवनी करावी. तिसऱ्या वेळी पूर्वपरवानगीने आरोग्य उपकेंद्रास भेट द्यावी. तत्पूर्वी रुग्णाची गुप्तता समजावून सांगावी.

निवड विद्यार्थ्याची; परंतु ती अज्ञानामुळे हुकू नये, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य होय.