पोराच्या गाडीपाशी जरा बसा

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम. खानदेशातून सुरतेला आलेली आपली बरीच घरं याच भागात आहेत. रविवारी दुपारी इथल्या कुठल्याही सोसायटीत चक्कर मारा. जिन्याखाली एखादी जुनी मोटरसायकल उघडून ठेवलेली दिसेल. टाकी बाजूला काढलेली, सीट भिंतीला टेकवलेली आणि शेजारी कोपरापर्यंत काळे हात झालेला आपलाच कुणाचा तरी मुलगा. आई वरून जेवायला हाका मारतेय, बाप रात्रपाळी करून आलाय, झोपलाय. दादांनो, ताईंनो, तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मीही असाच झोपून राहिलो होतो.

मी पांडेसरातल्या एका डाइंग मिलमध्ये फिटर आहे. माझ्या मुलानं कॉलेजात असताना स्वतःच्या कमाईतून जुनी हिरो होंडा सीबीझेड घेतली. 1999 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा 156 सीसीचं इंजिन आणि पुढे डिस्क ब्रेक, एवढ्यावर आमच्या वयाची पोरं रस्त्यात थांबून तिच्याकडे बघत. मुलाच्या हाती आली तेव्हा ती थकलेली होती. तिला पुन्हा उभं करायचं त्याच्या मनात होतं. पुढे केटीएम ड्यूकचे जाड उलटे शॉकअप, मागे दोनाऐवजी एकच मोनोशॉक, आणि मधे त्याच कंपनीच्या करिझ्मा गाडीचं 223 सीसी इंजिन. त्यानं मला हे सगळं उत्साहानं सांगितलं. मी म्हणालो, "पैसे झाडाला लागतात का?" तेवढंच. त्या दिवसानंतर तो मला काही सांगेनासा झाला. काम मात्र चालूच होतं.

एका रात्री तो उधना-मगदल्ला रोडवरून परत आला आणि न जेवता झोपला. आईनं ओळखलं. सकाळी विचारल्यावर म्हणाला, "पप्पा, ऐंशीच्या पुढे हँडल थरथरायला लागलं. गाडी हातात राहिना." पडला नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा त्या गाडीपाशी जाऊन बसलो.

बसल्यावर जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण यातलं आपल्याला कुणी समजावून देत नाही. शॉकअप म्हणजे नुसते खड्ड्यांचे धक्के सोसणारे दांडे नव्हेत. पुढचं चाक किती कलतं धरायचं हेही बरंचसं त्यांच्या लांबीवर ठरतं. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेष जमिनीपर्यंत वाढवून बघा. चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे ती पडते. त्या अंतराला ट्रेल म्हणतात. मिलमध्ये कापडाची ट्रॉली ढकलली की तिची छोटी चाकं आपोआप मागे वळून सरळ होतात, ती याच अंतरामुळे. आता सीबीझेडचं चाक अठरा इंची, शॉकअपसोबत बसवलेलं ड्यूकचं सतरा इंची. म्हणजे पुढून गाडी खाली आलीच. वर शॉकअप त्यांना धरून ठेवणाऱ्या टी-प्लेटमधून जास्त वर ओढून आवळलेले, म्हणजे आणखी खाली. ट्रेल घटला. अशी गाडी गल्लीत चटकन वळते, मुलांना वाटतं काम झकास जमलं. वेगात तेच हँडल हलकं पडून थरथरतं. त्यात हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटच्या बेअरिंगचं माप जुळलेलं नव्हतं, मधली फट वॉशर घालून भरली होती.

मोनोशॉकचं काम अजून व्हायचं होतं, ते तिथेच थांबवलं. जुन्या चेसिसवर मागचा भार दोन्ही बाजूंना वाटून दिलेला असतो. एकच शॉकअप लावला की तो सगळा भार एका पट्टीवर येतो, आणि त्या जागी तेवढा भार घेण्यासाठी पाइप दिलेलाच नसतो. वेल्डिंग करणारा म्हणतो, जोड तुटणार नाही. जोड खरंच तुटत नाही. तापून कमजोर झालेला शेजारचा पाइप चिरतो, आणि रंगाखाली ती चीर कित्येक दिवस दिसत नाही. मिलमध्ये मी हे अनेकदा पाहिलंय.

इंजिनाचंही तसंच. आमच्याकडे पाचच्या जागी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर बसवायची म्हटलं की आधी बेस, कपलिंग आणि ब्रेक तपासतात. सीबीझेडचं इंजिन साधारण तेरा हॉर्सपॉवरचं, करिझ्माचं सतराचं. करिझ्माला पुढे 276 मिलिमीटरची डिस्क दिलेली आहे, सीबीझेडला 240 ची. ताकद वाढवायची आणि थांबवायचं सामान जुनंच ठेवायचं, हे मला पटत नाही. साठच्या वेगात ब्रेक मारल्यावर गाडी जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट अंतर ऐंशीला लागतं. आणि नव्या इंजिनाचं स्प्रॉकेट मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी ओळीत आलं नाही तर चेन तिरकी खेचली जाते आणि कधी तरी उतरते.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आर.सी. बुकात नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूल अठराच्या आतलं असेल आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अठराच्या आत गिअरची गाडी नाहीच, इथे मी कुणाचंही ऐकणार नाही.

करिझ्माचं इंजिन बघायला आम्ही दोघं गेलो. मी विक्रेत्याला दोनच गोष्टी मागितल्या, बिल आणि इंजिन नंबरची आर.सी. दोन्ही नव्हतं. वाटेत मुलाला सांगितलं, हा नंबर उद्या एखाद्या चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुझ्या दारात येतील. त्यानं मान डोलावली. पहिल्यांदा ओरडण्याऐवजी कारण सांगितलं होतं, म्हणून असेल.

मग आम्ही जुनेच शॉकअप आणि चाक परत बसवले. नवे ऑइल सील, नवं ऑइल, नवा कोनसेट. मागचे दोन शॉकअप खचले होते, ते त्याच मापाचे नवीन घेतले. ब्रेकचे पॅड आणि दोन्ही टायर बदलले. स्वतःच्याच इंजिनाचा ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला. मग मुलानं मला शिकवलं की शॉकअप किती बसतो ते मोजायचं असतं. तो सीटवर बसला, त्याच्या आईनं गाडी सरळ धरली, मी टेप लावला. शॉकअप पूर्ण दबायला जेवढी जागा असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर दबला पाहिजे. आमचा दबला. त्या संध्याकाळी मुलगा खूप दिवसांनी भरभरून बोलला.

पालकांनो, हे वेड वाईट नाही. मापं घेणं, चूक शोधणं, उघडलेलं परत जोडणं, ही विद्या आहे. आवड खरी असेल तर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे. वेगाचीच ओढ असेल तर चेन्नई आणि कोइम्बतूरला शर्यतीचे ट्रॅक आहेत, डुमस रोड त्यासाठी नाही. पैसे मागितले तर टायर, ब्रेक, सील, कोनसेट यांना आनंदानं द्या. इंजिन त्याच मापाचं बदलायचं असलं तरी आधी आरटीओची परवानगी आणि आर.सी.वर नोंद, एवढं झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

दिवाळीत आम्ही दोघं त्याच गाडीवर गावी गेलो. नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट. मी मागे बसलो होतो. घाटात ट्रकांच्या रांगा आणि वळणं, हँडल एकदाही थरथरलं नाही.

येत्या रविवारी झोप थोडी कमी करा. दोन कप चहा घेऊन जिन्याखाली जा आणि मुलाला विचारा, "बेटा, हे काय करतोयस, मलाही दाखव."