बोटीच्या इंजिनातील प्रज्वलन-कॉइलची निगा

पेट्रोल इंजिनाची बोट बंदराच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत बंद पडणे हे मोठेच संकट होय. रस्त्यावर बंद पडलेली मोटार कडेला घेता येते. बोट मात्र वारा व प्रवाह नेईल तिकडे, प्रसंगी खडकांवर जाते. झिजणाऱ्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनसंच बसविण्यामागे हे संकट टाळण्याचाच हेतू असतो. तथापि असा बदल केल्यावर, पूर्वी वर्षानुवर्षे टिकलेली कॉइल थोड्याच काळात निकामी व्हावी आणि पाठोपाठ नवीही जावी, असा अनुभव काही वेळा येतो. दोष कॉइलच्या मालाला दिला जातो; वस्तुतः तो बहुधा तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा असतो.

अमेरिकेतील ‘अ‍ॅटॉमिक फोर’ हे इंजिन याचे चांगले उदाहरण आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथील युनिव्हर्सल मोटर कंपनीने १९४७ ते १९८४ या काळात शिडाच्या बोटींसाठी ते तयार केले. हे चार सिलिंडरचे, सुमारे ३० अश्वशक्तीचे इंजिन अनेक बोटींवर आजही चालू असून, त्यांपैकी पुष्कळांवर इलेक्ट्रॉनिक संच बसविलेले आहेत.

कॉइलचे कार्य

कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. बॅटरीचा प्रवाह जाड तारेच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो व चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. हा प्रवाह एकाएकी तोडला, की बारीक तारेच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम पूर्वी पॉइंट करीत. बदलानंतर ते इलेक्ट्रॉनिक संच करतो.

बदलानंतर काय घडते?

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनास मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला ५० ठिणग्या लागतात. म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये २० मिलीसेकंदांचा अवधी असतो. कॉइल चुंबकीय क्षेत्राने भरण्यास यांपैकी थोडेच मिलीसेकंद पुरतात. त्यानंतरही प्रवाह चालू राहिला, तर त्याची केवळ उष्णता होते. साध्या इलेक्ट्रॉनिक संचांपैकी काहींत प्रवाह चालू राहण्याचा काळ पॉइंटांपेक्षा अधिक असतो. त्यातच बोटीचे इंजिन तासन्‌तास मंद गतीने चालते आणि कॉइल बंदिस्त, उष्ण कप्प्यात असते. त्यामुळे तिला थंड होण्यास अवसर मिळत नाही.

दुसरे कारण रोधाचे. काही कॉइली बाहेरील रोधकासह वापरण्यासाठीच बनविलेल्या असतात. बदल करताना तो रोधक काढून टाकला, की प्रवाह भलताच वाढतो. इंजिन चालू असता बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्ट धरल्यास, प्रवाह अखंड राहिला असता पुढील स्थिती दिसते :

(अ) १.५ ओहमची कॉइल, रोधक नाही : सुमारे ९.३ अँपिअर, कॉइलमध्ये १३१ वॅट उष्णता.
(आ) ३ ओहमची कॉइल, रोधक नाही : सुमारे ४.७ अँपिअर, ६५ वॅट.
(इ) ३ ओहमची कॉइल व १ ओहमचा रोधक : ३.५ अँपिअर; कॉइलमध्ये सुमारे ३७ वॅट.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अवघ्या १ ओहमच्या रोधकाने कॉइलवरील भार जवळजवळ निम्मा होतो.

दोषाची लक्षणे

इंजिन अर्धा-पाऊण तास उत्तम चालते, मग एकाएकी थांबते. कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते. थंड झाल्यावर इंजिन पुन्हा सुरू होते. परंतु दर वेळी लवकर बंद पडू लागते व अखेर ठिणगी मुळीच मिळत नाही. पहिल्या थांबण्यालाच इशारा समजून तपासणी करावी.

प्रतिबंधक उपाय

(१) नवी कॉइल घेण्यापूर्वी मोजमाप करावे. इंजिन थंड असता कॉइलच्या तारा सोडवून दोन्ही प्राथमिक टोकांमधील रोध ओहम-मीटरने मोजावा. कॉइल व रोधक यांचा एकत्रित रोध संच बनविणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कमी नसावा.

(२) रोध कमी भरल्यास योग्य कॉइल किंवा रोधक बसवावा. रोध वाजवीपेक्षा वाढविल्यास ठिणगी दुर्बल होते, हेही ध्यानात ठेवावे. संचाच्या तारा सोबतच्या आकृतीप्रमाणेच जोडाव्यात. रोधक स्वतः तापतो. म्हणून तो लाकूड व पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर बसवावा.

(३) इंजिन थांबल्यावर प्रज्वलनाची किल्ली तात्काळ बंद करावी. शिडे उभारून इंजिन थांबविल्यावर किल्ली चालू राहिली, तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहू शकतो.

(४) कॉइल इंजिनावरून काढून जवळच्या थंड, हवेशीर भिंतीवर बसवावी. तेल भरलेली कॉइल टोके वर करून उभी ठेवावी.

(५) प्लगमधील अंतर, उच्च दाबाच्या तारा व डिस्ट्रिब्युटरचे झाकण सुस्थितीत राखावे. उच्च दाबाची तार मोकळी लोंबती ठेवून इंजिन फिरवू नये. त्याने कॉइलच्या आतील आवरणावर ताण पडतो.

(६) इंजिन चालू असता बॅटरीवरील दाब मोजावा. तो १४.५ व्होल्टच्या बराच वर जात असल्यास प्रभारण-नियंत्रक तपासून घ्यावा.

(७) एक पारखून घेतलेली जादा कॉइल, तसेच जुने पॉइंट व कंडेन्सर बोटीवर बाळगावेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळात साचते. म्हणून कोणतेही काम करण्यापूर्वी तळ हवेशीर करून, वाफेचा वास राहिला नसल्याची खात्री झाल्यावरच बॅटरीची तार सोडवावी. वाफ पेटवू शकणार नाहीत असे, बोटीसाठीच बनविलेले विद्युत्-भाग वापरावेत.

कॉइल व पॉइंट असलेल्या जुन्या पेट्रोल जीपवर असा संच बसविणाऱ्या शेतकऱ्यासही रोधाचा हाच नियम लागू पडतो. जळालेली कॉइल बदलणे ही दुरुस्ती नव्हे. ती का जळाली, याचे उत्तर मीटरवर पाहून मगच नवी बसविणे हिताचे ठरते.